जुन्या स्कॉट्स कागदांतले शब्द : अर्थ कसे लावायचे?

पानगळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

सतराव्या शतकातल्या स्कॉटलंडमधले वारसाचे कागद आणि त्यांना जोडलेल्या मालमत्तेच्या याद्या मराठीत आणायच्या आहेत. अक्षर हळूहळू लागतंय, अडतंय ते शब्दांवर. साधा इंग्रजी कोश घेऊन बसलं तर निम्मे शब्द सापडत नाहीत आणि जे सापडतात त्यांचा अर्थ वाक्यात बसत नाही. नेमक्या शंका अशा :

१. 'क्यू-यू-एच' या अक्षरांनी सुरू होणारे ढीगभर शब्द आहेत. त्यांचा उच्चार काय, अर्थ काय? 'उमक्यूहाइल' असं काहीतरी प्रत्येक कागदात भेटतं.

२. काही शब्दांच्या मध्येच 'झेड' येतो आणि त्या झेडसकट शब्द कुठल्याच कोशात नाही.

३. 'रेलिक्ट', 'टॉखर', 'इन्सिख्ट प्लेनिशिंग', 'ओय', 'गुडब्रदर', 'केशनर' यांना मराठीत काय म्हणावं?

४. रकमा पौंडांत आणि मर्कांत आहेत, धान्य 'बोल'मध्ये. हिशेब जुळत नाही.

५. हे शब्द गेलिक आहेत का? कोणता कोश वापरावा?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

दप्तरदार

पाचव्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे गल्लत झाली की माणूस भलत्याच कोशात शोधत बसतो. हे शब्द गेलिक नाहीत. स्कॉट्स ही जुन्या नॉर्थंब्रियन इंग्रजीतून वाढलेली भाषा आहे. गेलिक केल्टिक कुळातली, तिची जातकुळीच वेगळी. गंमत म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्कॉट्स बोलणारे स्वतःच्या भाषेला 'इंग्लिस' म्हणत, 'स्कॉटिस' हे नाव त्यानंतर रुळलं. गेलिककडून तिने शब्द घेतले, उदाहरणार्थ तुमच्या यादीतले टॉखर आणि ओय. फ्रेंचकडून घेतले, जसं 'अॅशेट' म्हणजे मोठं ताट. नॉर्सकडूनही घेतले, जसं 'गार' म्हणजे एखाद्याला काही करायला लावणं. पण कण्यातले शब्द, क्रियापदं आणि अव्ययं इंग्रजीच्या मुळातलीच आहेत. म्हणून अनोळखी दिसणारे बरेच शब्द फक्त लेखनामुळे अनोळखी असतात. लेखनाचे नियम हाताशी ठेवले की निम्मं काम तिथेच उरकतं.

'क्यूयूएच' म्हणजे इंग्रजीतलं 'डब्ल्यूएच', उच्चार 'ह्व' असा, श्वास सोडून. त्यामुळे 'ह्वाट', 'ह्वेन', 'ह्वा' म्हणजे काय, केव्हा, कोण. 'ह्विल्क' म्हणजे जो, जी, जे. तुमचा शब्द 'उमह्वाइल', अर्थ 'कैलासवासी' किंवा 'मयत'. मराठी कागदात 'मयत अमुक तमुक' लिहितात तीच जागा. क्वचित 'पूर्वीचा' अशा अर्थानेही येतो, जसं जमिनीचा पूर्वीचा मालक. तेव्हा माणूस खरोखर वारला आहे का, ते पुढच्या वाक्यावरून पक्कं करा.

शब्दाच्या शेवटी 'आय-एस' दिसलं की बहुतेक वेळा अनेकवचन किंवा षष्ठी. 'आय-टी' दिसलं की भूतकाळ. 'वेर्डिट' म्हणजे 'वॉर्डेड', कैदेत टाकलेला. 'यू', 'व्ही' आणि 'डब्ल्यू' ही तीन अक्षरं लेखनिक वाटेल तशी एकमेकांच्या जागी वापरतात. स्वरानंतर आलेला 'आय' नुसता तो स्वर लांब आहे एवढंच सांगतो, त्याचा वेगळा उच्चार करायचा नाही. 'एस-सी-एच' म्हणजे 'श'.

यानंतर ध्वनींच्या जोड्या पाहा. इंग्रजीत जिथे 'ओ' तिथे स्कॉट्समध्ये बहुधा 'ए' : स्टोन-स्टेन, होम-हेम, बोथ-बेथ. इंग्रजीत मुका झालेला 'जी-एच' इथे 'ख' म्हणून जिवंत आहे : नाइट-निख्ट, डॉटर-डोख्टर. हा 'ख' आपल्या 'खण'मधल्या ख सारखा स्फोटक नाही, घशात घासून येणारा आहे. इंग्रजी 'च' च्या जागी कित्येकदा 'क' : चर्च-कर्क, चेस्ट-किस्ट. 'एल' आणि 'व्ही' गळतात : गोल्ड-गाउड, डेव्हिल-डील, सिल्व्हर-सिलर. 'सिलर'चा अर्थ चांदीही आणि साधे पैसेही. इतक्या जोड्या डोक्यात बसल्या की कोश उघडायच्या आधीच बरेच शब्द आपोआप उलगडतात.

आता झेड. तो झेड नाहीच. जुन्या लिपीत 'योख' नावाचं अक्षर होतं, आकाराने ३ सारखं, उच्चार 'य' च्या आसपास. हस्तलिखितात ते शेपटीच्या झेडसारखं दिसे. छापखान्याकडे तो खिळा नव्हता, म्हणून तिथे झेड बसवला गेला आणि पुढे तोच रूढ झाला. म्हणून मेन्झीज आडनावाचा जुना उच्चार 'मिंगिस', डॅलझील लिहितात त्याचा 'डीएल', आणि एअरशायरच्या किनाऱ्यावरच्या कलझीन किल्ल्याचा 'कलेन'. शेटलंडचं 'झेटलंड' हे लेखनही त्यातलंच. तेव्हा शब्दामध्ये झेड दिसला की तिथे 'य' वाचून पाहा. यादीत कपड्यांच्या जागी येणारा 'अबुलझमेंट' हा खरं तर 'अबुल्यमेंट', म्हणजे अंगावरचे कपडे.

सगळ्यांत जास्त घोटाळा संक्षेपांचा होतो. 'क्यू' वर छोटे 'एल-के' म्हणजे ह्विल्क. 'वाय' वर छोटा 'टी' म्हणजे 'दॅट', कारण तिथला 'वाय' हा मूळचा 'थ' साठीचा थॉर्न आहे. 'डब्ल्यू' वर छोटा 'टी' म्हणजे 'विथ'. शब्दारंभी दोन 'एफ' म्हणजे एकच मोठा एफ. आणि त्या काळच्या सेक्रेटरी वळणात 'सी' आणि 'टी' जवळजवळ सारखे, तर 'एच' ओळीच्या खाली उतरतो. शब्द लागत नसेल तर अर्थ शोधत बसण्याआधी ही दोन-तीन अक्षरं पुन्हा तपासा.

---

सीमारेषा

वर लेखनाचं छान आलंय. मी वारसाच्या कागदाच्या साच्याबद्दल लिहिते. साचा कळला की कोणत्या जागी कोणता शब्द येणार याचा अंदाज येतो.

पहिली गोष्ट : 'टेस्टामेंट' दिसलं की 'मृत्युपत्र' लिहून मोकळं होऊ नका. 'टेस्टामेंट टेस्टामेंटर' असेल तर माणसाने मरणापूर्वी इच्छा नोंदवून निष्पादक (मागे मालमत्तेची व्यवस्था लावणारा) नेमलेला असतो, तिथे मृत्युपत्र म्हणणं योग्य. 'टेस्टामेंट डेटिव्ह' असेल तर मृत्युपत्र नाहीच, निष्पादक कमिसरी न्यायालयाने, म्हणजे वारसाची प्रकरणं बघणाऱ्या न्यायालयाने, नेमला आहे. दुसऱ्या प्रकाराला मराठीत मृत्युपत्र म्हटलं तर वाचक नसलेली अंतिम इच्छा शोधत राहील. 'न्यायालयीन निष्पादकनामा' किंवा तत्सम काही करा.

यादीची ठरलेली चाल अशी. आधी मथळा : मयत अमुक याच्या मृत्यूसमयी त्याच्याकडे असलेल्या 'गुड्स, गीर, सोम्स ऑफ मनी अँड डेट्स' यांची यादी, अमुक महिन्यात वारला, यादी दिली त्याच्या 'रेलिक्ट'ने. मग जनावरं आणि धान्य. मग 'युटेन्सिलिस अँड डोमिसिलिस', म्हणजे भांडीकुंडी आणि घरातलं सामान. त्यानंतर 'डेट्स ऑइंग टू द डीड', मयताला येणं. नंतर 'डेट्स ऑइंग बी द डीड', मयताचं देणं. इथे 'टू' आणि 'बी' एवढाच फरक आहे आणि घाईत तो निसटतो. 'बी' म्हणजे 'कडून'. हे उलटं झालं की सावकाराचा कर्जदार होतो.

शेवटी 'रेस्टिस ऑफ फ्री गीर', देणी वजा जाता शिल्लक, आणि वाटणी. विधवा आणि मुलं दोन्ही असतील तर तीन भाग : एक विधवेचा, एक मुलांचा, एक 'डीड्स पेर्ट', म्हणजे मयताचा स्वतःचा हिस्सा, जो तो इच्छेप्रमाणे देऊ शके. दोघांपैकी एकच पक्ष असेल तर दोन भाग. कोणीच नसेल तर वाटणीच नाही. त्यानंतर येणारा 'क्वॉट' म्हणजे कमिसरी न्यायालयाचं शुल्क. देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील तर लॅटिनमध्ये 'डेबिता एक्सेडुंट बोना' असा शेरा मारलेला असतो.

आणखी एक. यादीत जमीन दिसणार नाही. म्हणून तो माणूस भूमिहीन होता असा निष्कर्ष काढू नका. स्कॉटलंडमध्ये १८६८ पर्यंत जमीन मृत्युपत्राने देताच येत नसे, या कागदात फक्त जंगम मालमत्ता येते. जमिनीसाठी वारसनोंदीचे 'रिटूर' आणि १६१७ पासूनचं 'सेझिन'चं रजिस्टर बघावं लागतं. सेझिन म्हणजे ताबा देण्याचा विधी आणि त्याचा दस्त. जमिनीवर उभं राहून प्रत्यक्ष माती आणि दगड हातात द्यायचे, गिरणी असेल तर दाणे हलवणारी तिची 'क्लॅप' आणि धान्य टाकायचं 'हॅपर', मासेमारीचा हक्क असेल तर जाळं आणि होडी. दस्तात 'अर्ड अँड स्टेन' वाचलं तर तो जमिनीच्या प्रतीचा उल्लेख समजू नका, विधी पार पडला एवढंच त्याचं म्हणणं आहे.

आता तुमचे शब्द. 'रेलिक्ट' : विधवा. 'टॉखर' : वधूने माहेराहून आणलेली रक्कम किंवा मालमत्ता, हुंडा म्हणायला हरकत नाही. 'इन्सिख्ट प्लेनिशिंग' : घरातलं लाकूडसामान आणि भांडीकुंडी. 'केशनर' : जामीनदार. त्याचं लेखन इंग्रजी 'कॉशनर' सारखं आहे, पण स्कॉटलंडच्या न्यायालयांत उच्चार 'केशन' असाच आणि अर्थ सावधगिरी नव्हे तर तारण. निष्पादकाने काम नीट करावं म्हणून एक जण जामीन राहतो, त्याचं नाव कागदाच्या शेवटी असतं. 'टर्स' भेटला तर : नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांश उत्पन्नावर विधवेचा हयातभराचा हक्क. तो १९६४ च्या वारसा कायद्याने संपला.

---

उत्तररात्र

अनोळखी शब्दांची मला फारशी काळजी वाटत नाही, ते माणसाला थांबवतात आणि कोश उघडायला लावतात. खरी फसगत ओळखीच्या शब्दांची. वाक्य सरळ वाचलं जातं, अर्थही लागतो आणि तो चुकीचा असतो.

'हॉग' म्हणजे डुक्कर नव्हे. पहिल्यांदा लोकर कातरण्यापूर्वीचं लहान मेंढरू. त्याच्या पुढची मादी 'गिमर', पहिल्या आणि दुसऱ्या कातरणीच्या मधली. 'वेडर' हा खच्ची केलेला मेंढा. 'स्टॉट' म्हणजे तरणा बैल, 'क्वाय' म्हणजे कालवड, 'स्टर्क' म्हणजे वर्ष-दोन वर्षांचं वासरू. 'नोल्ट' सगळ्या गुरांसाठी. मराठीत कालवड, गोऱ्हा, वासरू असे वेगळे शब्द आहेतच, तर ते वापरा. सगळ्यांना 'गुरं' म्हणून सपाट केलं तर किमतींतला फरक वाचकाला कळणार नाही.

'कॉर्न' म्हणजे मका तर नव्हेच, गहूही नव्हे. स्कॉटलंडच्या शेतात कॉर्न म्हणजे बहुतेक वेळा ओट. 'मील' म्हणजे ओटचं पीठ. 'बेअर' हा जवाचा जुना वाण, त्याचा बिअरशी अर्थ जोडू नका. 'रूम' म्हणजे खोली नव्हे, कसायला घेतलेली जमीन. 'टॅक' म्हणजे खिळा नव्हे, भाडेपट्टा, आणि 'टॅक्समन' हा पट्टेदार, त्याचा कराशी संबंध नाही. 'राइटर' म्हणजे लेखक नव्हे, वकील. 'एव्हिडंट्स' म्हणजे जमिनीचे दस्त. 'गीर' म्हणजे मालमत्ता. 'पोर्शनर' हा एखाद्या जमिनीच्या तुकड्याचा मालक, सहसा ती जमीन वारसांत वाटली गेल्यामुळे झालेला.

व्यवसायांत 'बॅक्स्टर' भटारी, 'वेबस्टर' विणकर, 'लिटस्टर' रंगारी, 'फ्लेशर' खाटीक, 'कॉर्डिनर' आणि 'सूटर' दोन्ही चांभार. 'वॉकर' पायी फिरणारा नव्हे : विणलेलं लोकरी कापड ओलं करून तुडवून घट्ट करणारा.

अव्ययं तर डोळ्यांत तेल घालून वाचा. 'बट' म्हणजे कित्येकदा 'वाचून', 'विना'. चॅटन कुळाचं बोधवाक्य 'टच नॉट द कॅट बॉट अ ग्लव्ह' : हातमोज्याविना मांजराला हात लावू नका. इथे 'पण' घालून वाचलं तर काहीच हाती लागत नाही. कागदांत 'बट डिले' म्हणजे विनाविलंब. 'ऑर' म्हणजे कधी कधी 'आधी'. 'नॉर' म्हणजे 'पेक्षा'. 'गिफ' आणि 'गिन' म्हणजे 'जर'. 'अनेंट' म्हणजे 'विषयी'. 'सायन' म्हणजे 'मग' किंवा 'त्यानंतर', आणि त्यात 'स'च आहे. 'ऑल्ड लँग सायन' या गाण्यात जगभर 'झाइन' म्हणतात ते चूक. 'एन' हे नुसतं 'एक' नव्हे, तुमच्या कागदांच्या काळातल्या, म्हणजे मिडल स्कॉट्समध्ये ते व्यंजनापूर्वीसुद्धा 'अ' च्या जागी येतं. तेव्हा प्रत्येक 'एन हाउस' चं 'एक घर' करत बसू नका.

'ऑफ दॅट इल्क' चा अर्थ 'त्या प्रकारचा' असा लावला जातो, तो उसना आहे. मूळ अर्थ 'त्याच नावाचा' : मॉन्क्रीफ ऑफ दॅट इल्क म्हणजे मॉन्क्रीफ गावचा मॉन्क्रीफ. 'इल्का' मात्र 'प्रत्येक'.

---

पानगळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'हॉग' मी खरंच डुक्कर समजून चाललो होतो, सगळ्या याद्या परत बघतो.

आता रकमांचं सांगा. 'सॉइन सॅक्स बोलिस एट्स, एस्टिमॅट टू द थ्रिड कॉर्न' अशा धर्तीची ओळ येते आणि पुढचा आकडा सहाशी जुळत नाही. आणि तारखेच्या जागी 'जे-ए-जे' अशी अक्षरं आहेत, ती कशाची?

---

मापाड्या

ओळ अगदी सरळ आहे. सहा बोल ओट पेरले. 'थ्रिड कॉर्न' म्हणजे बियाण्याच्या तिप्पट उत्पन्न येईल असा अंदाज. शेतात उभं पीक असताना माणूस वारला, म्हणून पिकाची किंमत बियाण्यावरून काढायची ही पद्धत. त्यामुळे पुढचा आकडा अठरा बोलचा असतो. नमुन्यादाखल भाव बोलला ४० शिलिंग धरू : १८ गुणिले ४० म्हणजे ७२० शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड म्हणून ३६ पौंड. 'फोर्ट कॉर्न' असेल तर चौपट. भावाच्या पुढे 'विथ द फॉडर' असेल तर कडबा त्या भावात धरलेला आहे, वेगळा मोजायचा नाही.

हे ३६ पौंड स्कॉटिश आहेत, इंग्लंडचे नव्हेत. १६०३ पासून १२ स्कॉटिश पौंडांना १ स्टर्लिंग पौंड हे प्रमाण, म्हणजे ही रक्कम ३ पौंड स्टर्लिंग. १७०७ मध्ये इंग्लंडशी झालेल्या एकीकरणाने स्कॉटलंडचं वेगळं नाणं बंद झालं, तरी हिशेबात जुने पौंड त्यानंतरही काही काळ येत राहतात. म्हणून प्रत्येक रकमेजवळ 'स्कॉटिश' की 'स्टर्लिंग' हे लिहाच. १६०३ च्या आधीच्या कागदाला १२ चं प्रमाण लावू नका. चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन्ही नाणी जवळपास बरोबरीत होती, स्कॉटिश नाणं पुढे घसरत गेलं, सोळाव्या शतकात तर फार वेगाने.

मर्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स स्कॉटिश, पौंडाचा दोन तृतीयांश. वरचे ३६ पौंड म्हणजे ५४ मर्क. रक्कम पौंडांत विचित्र दिसली, उदाहरणार्थ ६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स, तर मर्कात करून बघा : बरोबर १०० निघतात. कर्ज, हुंडा, दंड बऱ्याचदा मर्कात ठरत, म्हणून टॉखरच्या रकमा अशा तुटक दिसतात. बारीक नाण्यांत 'बॉबी' ६ पेन्स, 'प्लॅक' ४ आणि 'बॉडल' २ पेन्स, सगळे स्कॉटिश. मराठी अनुवादात रुपये-आणे करू नका, मूळ एककं ठेवून एकदा टीप द्या.

धान्याची मापं चाराच्या पटीत : १६ बोलचा १ चॅल्डर, ४ फर्लटचा १ बोल, ४ पेकचा १ फर्लट, ४ लिपीचा १ पेक. घोळ होतो तो फर्लट दोन प्रकारचा असल्यामुळे. गहू, वाटाणे यांचा लहान : २१ पाइंट १ मचकिन. जव, ओट, माल्ट यांचा मोठा : ३१ पाइंट. तोही स्कॉटिश पाइंट, साधारण १.७ लिटरचा, ४ मचकिनचा. म्हणजे गव्हाचा बोल सुमारे १४५ लिटर आणि ओटचा सुमारे २१० लिटर. दोन्ही पिकांचे बोल एकत्र बेरजेला घेतले की हिशेब चुकणारच. शिवाय परगण्यापरगण्यात स्थानिक मापं निराळी होती, तेव्हा लिटरचे आकडे 'सुमारे' म्हणूनच द्या. कापडाचा 'एल' ३७ इंचांचा.

धान्याच्या नोंदीत गिरणीचे शब्दही येतील. 'थर्लिट' म्हणजे ठरावीक गिरणीवरच दळण्याची सक्ती असलेली जमीन. त्याबद्दल गिरणीला द्यायचा धान्याचा हिस्सा 'मल्चर' असा लिहितात आणि 'मूटर' असा म्हणतात. गिरणीवरच्या गड्याचा वेगळा छोटा वाटा म्हणजे 'नेव्हशिप'. 'टीन्ड' मात्र गिरणीचा नव्हे, चर्चचा दशांश.

आता 'जेएजे'. ते 'एक' आणि 'हजार' या रोमन खुणांचं घासून घासून बिघडलेलं रूप आहे, ते शब्द म्हणून वाचायचं नाही. त्यापुढे 'व्ही-जे' आणि वर छोटा 'सी' म्हणजे सहाशे. मग बाकीचं अक्षरी, उदाहरणार्थ 'फोर्टी एन' : १६४१. रोमन आकड्याचा शेवटचा 'आय' नेहमी 'जे' सारखा लांबवतात, जेणेकरून मागाहून कुणी एक वाढवू नये. आकड्यावर छोटे दोन 'एक्स' असतील तर विसाने गुणायचं : चार आणि वर दोन एक्स म्हणजे ८०.

तारखेत अजून एक पाचर आहे. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारीला वर्ष बदलणं १६०० पासून सुरू झालं, त्याआधी वर्ष २५ मार्चला बदले. म्हणून 'फेब्रुवारी १५९८' लिहिलेला कागद आपल्या गणनेत फेब्रुवारी १५९९ चा. इंग्लंडने हा बदल १७५२ मध्ये केला, तेव्हा दोन्हीकडचे कागद एकत्र लावताना तपासून घ्या. जमिनीच्या खंडाच्या, म्हणजे भाड्याच्या, जुन्या तारखा 'व्हिट्संडे' आणि 'मार्टिनमस' : १५ मे आणि ११ नोव्हेंबर. चर्चचा व्हिट्संडे दरवर्षी सरकतो, खंडाची ही तारीख ठरलेली होती.

---

दप्तरदार

कोशांचं राहिलं होतं. दोन मोठे कोश आहेत. बाराव्या शतकापासून १७०० पर्यंतच्या भाषेसाठी 'डिक्शनरी ऑफ द ओल्डर स्कॉटिश टंग', बारा खंड, २००२ मध्ये पूर्ण. १७०० नंतरच्या भाषेसाठी 'स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी', दहा खंड, १९३१ ते १९७६. २००४ पासून दोन्ही 'डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' या एकाच संकेतस्थळावर मोफत आहेत. तुमच्या कागदांसाठी पहिला मुख्य. निकाल दोन्हीकडचे एकत्र दिसतात, त्यामुळे नोंद कोणत्या कोशातली आहे ते आधी बघा.

शोधताना मुख्य शब्दात मिळालं नाही तर पूर्ण मजकुरात शोधा. तुमच्या कागदातलं लेखन एखाद्या उदाहरणात दडलेलं असतं आणि त्यावरून मुख्य शब्द सापडतो. मग अर्थांपैकी पहिला उचलू नका, प्रत्येक अर्थाखालच्या उदाहरणांची साल बघा आणि तुमच्या कागदाच्या जवळची निवडा. याचं कारण 'स्टूर' या एका शब्दावरून कळेल. जुन्या काव्यात तो लढाई, धुमश्चक्री. पुढे उडणारी धूळ. आज घरातल्या कपाटावरची धूळही स्टूरच. तसाच 'ड्रीख' : आज पावसाळी, कोंदट, उदास हवेसाठी सर्रास वापरतात, पण जुना अर्थ लांबलेला, चिवट, संपता न संपणारा. सतराव्या शतकात प्रवास 'ड्रीख' म्हटला असेल तर तिथे पाऊस पाडू नका.

जॅमिसनचा १८०८ चा दोन खंडी कोशही तुम्हाला भेटेल. शब्दसंग्रह आणि उदाहरणं यांसाठी तो मोलाचा आहे, पण त्याच्या व्युत्पत्त्यांवर विसंबू नये. स्कॉटलंडचे प्राचीन रहिवासी पिक्ट लोक गॉथिक भाषा बोलत असं धरून त्याने पुष्कळ मुळं जोडली आहेत.

जुने छापील मजकूर वापरणार असाल तर अक्षरांच्या जागी टाकलेल्या लोपचिन्हाकडेही (अपॉस्ट्रॉफी) पाहा. 'विथ' साठी 'डब्ल्यू-आय' आणि पुढे चिन्ह हे अठराव्या शतकापासूनचं वळण, जणू इंग्रजी अक्षर गळालंय असं सुचवणारं. तुमच्या सतराव्या शतकातल्या हस्तलिखितात ते नसतं. छापील प्रतीत दिसलं तर संपादकाचा हात फिरला आहे असं समजा आणि शक्य तर मूळ प्रतिमा मिळवा. १५१३ ते १९२५ पर्यंतच्या वारसाच्या कागदांच्या प्रतिमा 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर आहेत.

---

पानगळ

फार उपयोगी माहिती. एकच शंका उरली, नात्यांची. 'गुडब्रदर' ला मेहुणा म्हणू की दीर? आणि 'ओय' व 'ईम'?

---

सीमारेषा

'गुड' जोडून आलेलं बहुतेक नातं लग्नाने जुळलेलं : गुडब्रदर, गुडमदर, गुडसन. अपवाद 'गुडशर', तो आजोबा, आणि 'गुडमन' हा घरधनी किंवा नवरा. गुडब्रदरसाठी मराठीला मेहुणा, दीर, साडू यांतला एक निवडावाच लागतो आणि कागदच तो सुचवतो. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बायकांची नोंद माहेरच्या आडनावाने होत असे. समजा मयत जॉन राइट, त्याची रेलिक्ट मार्गारेट रीड आणि गुडब्रदर म्हणून विल्यम रीड. मग तो बहुधा बायकोचा भाऊ, म्हणजे मेहुणा. आडनाव दोघांशीही जुळत नसेल तर तो बहिणीचा नवरा किंवा साडू. बहिणीचा नवराही मराठीत मेहुणाच, पण साडू वेगळा. अशा वेळी साक्षीदारांची नावं बघा. दीर ठरवायचा तर बोलणारी बाई हवी, यादी रेलिक्टने दिली असेल आणि 'माझा गुडब्रदर' असं तिचं म्हणणं नोंदवलं असेल तरच.

'ईम' म्हणजे मुख्यतः मामा, पण चुलत्यासाठीही आढळतो. आडनाव भाच्याचंच असेल तर काका असण्याची शक्यता तपासा. 'ओय' म्हणजे नातू किंवा नात. काही ठिकाणी पुतण्या-भाच्यासाठीही येतो, तेव्हा आडनावं आणि कागदातली बाकीची नाती पाहून ठरवा.